मदत हवी आहे: गर्भपाताच्या कामाला नकार देणाऱ्या सिस्टरांची ड्यूटी कशी लावायची?

इंदूरच्या एका नर्सिंग होमसाठी विचारतोय. काही सिस्टर धर्मश्रद्धेमुळे गर्भपाताच्या कामात उभ्या राहत नाहीत. पराशरस्मृती गर्भपाताचं पाप ब्रह्महत्येच्या दुप्पट मानते. अशा श्रद्धेचा मान राखायलाच हवा. पण १९७१ च्या गर्भपात कायद्यात नकाराची वेगळी तरतूद नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, पुढे २४ पर्यंत ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोघांचं. नकारापायी दिवस गेले की पेशंट या मर्यादेपलीकडे जाते. नकार नेमणुकीच्या वेळीच लेखी घ्यावा का? रात्री एकच सिस्टर असेल तर? जीव धोक्यात असताना आणि नंतरच्या रक्तस्रावात मात्र सूट नाही, हे पक्कं. कुणाकडे अशा लेखी नकाराचा हिंदी किंवा मराठी नमुना आहे का?