जैसलमेरचं सेवण गवत: पावसाशिवाय टिकतं कसं?

रानवेडा: जैसलमेरला सम गावाच्या साइडला गेलेलो, वाळूत कमरेएवढे पिवळे झुबके होते, ड्रायव्हर म्हणाला सेवण. पाऊस नाही तरी जगतं कसं? आपल्याकडे सोलापूरला लावता येईल का?

गवताळ: हे बारमाही गवत आहे, वर्षाला 250 मिमीहून कमी पाऊस पडतो तिथलंच. वरून पार वाळलेलं दिसतं पण बुडखा जिवंत असतो, एक सर पडली की तिथूनच फुटवे येतात, आणि मुळं वाळू घट्ट धरून ठेवतात म्हणून टेकड्या सरकत नाहीत. थारपारकर गाई आवडीने खातात, लोक वाळवून गंजी रचून ठेवतात दुष्काळासाठी. सोलापूरला नको, तिथल्या माळावर आपलं पवन्या किंवा अंजन गवत बरं.

माळकरी: +1. बी हलकं असतं, वाऱ्याने उडतं, म्हणून शेण, माती, वाळूत कालवून गोळ्या करून पेरतात. आणि माळढोकचं घरच हे, पण इंदिरा गांधी कालवा आल्यावर कितीतरी सेवणची कुरणं नांगरली गेली, फार वाईट वाटतं. उरलेली तरी वाचवायलाच हवीत.

रानवेडा: धन्यवाद दोघांना, मग अंजनचंच बी शोधतो.