शब्दचर्चा : ‘स्लॉथ’ला मराठीत काय म्हणावं?

फोंड्याहून :

प्राणिसंग्रहालय उभारण्याच्या ‘प्लॅनेट झू’ या खेळात २०२३ साली ‘ट्रॉपिकल पॅक’ आला ही जोड आली आणि खेळणाऱ्यांनी कधीपासून मागितलेला स्लॉथ, झाडांवर राहणारा तो संथ प्राणी, एकदाचा आला. इंग्रजीत ‘स्लॉथ’ म्हणजे आळस. आमच्या वाचनालयात येणारी मुलं हा खेळ मन लावून खेळतात. खेळातली माहिती इंग्रजीत, म्हणून एकेका प्राण्याचं मराठी कार्ड करायचं आम्ही ठरवलं. पाणघोरपडीला नाव चटकन मिळालं, गिबन हा गिबनच ठेवला. स्लॉथपाशी मात्र गाडी अडली आहे. एका मुलाने ‘आळशी अस्वल’ लिहिलं, एका मुलीने नुसतंच ‘आळशी’. मला दोन्ही पटत नाहीत. कार्ड मुलांच्या हातात जाणार, तेव्हा नाव नीट विचार करूनच द्यायला हवं. सुचवा, आणि त्यामागचं कारणही लिहा.

वाळपईहून :

ताई, ‘आळशी अस्वल’ आधी बाद करा. तो वेगळाच प्राणी आहे, आणि तो आमच्या सत्तरीच्या रानात, म्हादईच्या अभयारण्यात राहतो. इंग्रजीत आपल्या अस्वलाच्या नावात ‘स्लॉथ’ आहे, त्याचंच हे शब्दशः भाषांतर. पण ते इंग्रजी नावच मुळात घोटाळ्यातून आलेलं. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने आपल्या अस्वलाचं वर्णन केलं, ते लांब नखं आणि पुढच्या दातांची ठेवण बघून चक्क स्लॉथच्या कुळात घातलं आणि ‘ब्रॅडिपस अर्सिनस’ असं नाव दिलं. पुढे चूक सुधारली, प्राणी अस्वलांत गेला, नाव मात्र चिकटून राहिलं. आपल्याला ‘अस्वल’ हा शब्द असताना ती चूक मराठीत कशाला आणायची? वारूळ उकरणारं, माणसावर धावून येणारं अस्वल ज्याने जवळून पाहिलंय, त्याच्या तोंडी ‘आळशी’ यायचंच नाही.

मडगावहून :

पोर्तुगीजमध्ये या प्राण्याला ‘प्रेगिसा’ म्हणतात, म्हणजे आळसच. स्पॅनिशमध्येही ‘पेरेझोसो’, म्हणजे आळशी. तिकडच्या जगाने सगळीकडे एकच शिक्का मारलेला दिसतो. ब्राझीलच्या तुपी भाषेत मात्र त्याला ‘आई’ असं नाव आहे, त्याच्या ओरडण्यावरून पडलेलं. नाव फार गोड, पण आपल्या कार्डावर काय गोंधळ होईल ते सांगायला नको.

मला आपला ‘सुशेगाद’ सुचवावासा वाटतो. तोही पोर्तुगीजमधूनच आलेला, ‘सोसेगादु’ म्हणजे शांत, निवांत. गोव्यातल्या मुलांना लगेच कळेल, आणि ‘आळशी’सारखा दोष त्यात नाही.

फोंड्याहून :

शब्द जवळचा आहे, दादा. तरी नको म्हणते. बाहेरचे लोक ‘सुशेगाद’चा अर्थ आळशी असाच लावतात आणि ते आपल्याला खुपतं. मग तोच शब्द आपण स्लॉथला लावला तर त्या समजुतीवर आपणच शिक्कामोर्तब केल्यासारखं होईल. शिवाय सुशेगाद हा माणसाचा स्वभाव आहे, पोटभर जेवून बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीत, बसलेल्या माणसाचा. स्लॉथची गोष्ट निराळी. तो मुख्यतः पानं खातो, पानांतून ताकद थोडीच मिळते, खाल्लेलं पचायला कित्येक दिवस लागतात. सावकाश हलणं हा त्याचा जगण्याचा हिशेब आहे, आणि त्या हिशेबावर तो दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या रानात लाखो वर्षं टिकला. त्याच्या झोपेबद्दलही गैरसमज आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पनामाच्या जंगलातल्या रानटी स्लॉथच्या मेंदूच्या लहरी नोंदवल्या होत्या, तेव्हा ते दिवसाला साडेनऊ तासांच्या आसपास झोपतात असं दिसलं. आमच्या घरचं मांजर याहून जास्त झोपतं. मुलांनी प्राण्याशी पहिली ओळख करून घ्यायची ती दोष देणाऱ्या शब्दाने, हे मला मान्य नाही.

डिचोलीहून :

‘आळशी’ नको हे ठरलं, तर संस्कृतात ‘मंथर’ आहे. पंचतंत्रातल्या कासवाचं नाव मंथरक, संथ चालणारा. पण आज मंथर म्हटल्यावर मंथराच आठवते, आणि मुलांना शब्द समजावून सांगावा लागेल. मी म्हणतो, मूळ नाव ‘स्लॉथ’ असंच राहू दे. जिराफ, झेब्रा, कांगारू आपण तसेच घेतले, त्यात मराठीचं काही बिघडलं नाही. मराठी दाखवायची ती पुढच्या भागात. खेळात आलेला स्लॉथ नेमका कोणता आहे?

फोंड्याहून :

तपकिरी गळ्याचा, पुढच्या पायाला तीन बोटं असलेला. हेही विशेषच, कारण प्राणिसंग्रहालयांत बहुधा दोन बोटांचा असतो. तीन बोटांच्या जातींचं खाणं फार ठरावीक, पिंजऱ्यात त्यांना जगवणं कठीण जातं. म्हणून खेळणाऱ्यांपैकी पुष्कळांना दोन बोटांचा येईल असं वाटत होतं.

डिचोलीहून :

मग नाव तयारच आहे : तिबोटी स्लॉथ. पावसाळ्यात आपल्या ओहोळांकाठी येणारा तो जांभळा-नारिंगी चिमुकला पक्षी, तिबोटी खंड्या, आठवा. त्याच्या पायाला तीनच बोटं म्हणून तिबोटी. शब्द पक्षी बघणाऱ्यांच्या तोंडी रुळलेला आहे, नव्याने घडवायची गरज नाही. १७५८ मध्ये लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने यातल्या एका जातीला ‘ब्रॅडिपस ट्रायडॅक्टिलस’ असं नाव दिलं, त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ तिबोटीच. जोडीला दुसरा दुबोटी. दुतोंडी, दुपदरी, तिपेडी याच वळणाचे शब्द.

वाळपईहून :

तिबोटी छान. एक शंका : दुबोटी स्लॉथच्या मागच्या पायांनाही तीनच बोटं असतात ना? मग मुलं चित्रात मोजतील आणि विचारतील.

डिचोलीहून :

विचारू देत, त्यांनी मोजायलाच हवं. मागचे पाय दोघांचे तिबोटीच, फरक पुढच्या पायांत. मराठीत ‘बोट’ हाताचंही आणि पायाचंही, त्यामुळे कार्डावर ‘पुढच्या पायाला’ एवढं स्पष्ट लिहा. चित्रात खूण करून दाखवलंत तर उत्तम. मानेचे मणकेही लिहा. माणसाला सात, जिराफालाही सात. तिबोटी स्लॉथला बहुधा नऊ, दुबोटीला बहुधा सहा. तिबोटी मान जास्त का वळवू शकतो ते यावरून कळेल.

फोंड्याहून :

ठरलं, ‘तपकिरी गळ्याचा तिबोटी स्लॉथ’. आता क्रियापदं. मुलांनी लिहिलंय : ‘हा प्राणी वटवाघळासारखा उलटा लटकतो.’ खेळात दोघंही प्रेक्षक आतून चालत जातात त्या दालनात असतात, म्हणून ही तुलना आली. तरी मला ती बरोबर वाटत नाही.

डिचोलीहून :

बरोबर नाहीच. वटवाघूळ उलटं असतं, पाय वर आणि डोकं खाली. आडव्या फांदीवर स्लॉथ उताणा असतो, पाठ जमिनीकडे, पोट आभाळाकडे. मराठीत उलटा, उताणा, पालथा हे तीन वेगळे शब्द आहेत, ते इथे कामी आणा. त्याच्या केसांतही हे दिसतं. कुत्र्या-मांजराचे केस पाठीकडून पोटाकडे उतरतात, स्लॉथचे पोटाकडून पाठीकडे, म्हणजे पावसाचं पाणी निथळून जातं. त्याच केसांत शेवाळ वाढतं आणि चिऱ्याच्या गडग्यावर श्रावणात येते तशी हिरवट झाक अंगावर चढते. ‘लटकतो’पेक्षा ‘लोंबकळतो’ चांगलं, त्यात बराच वेळ तसंच राहणं येतं. आठवड्यातून एखाद्या वेळी तो विष्ठेसाठी खाली उतरतो. जमिनीवर त्याला चालता येत नाही, पुढच्या पायांनी अंग ओढत जातो. तिथे ‘सरपटतो’ लिहू नका, ते सापाचं. आपल्याकडे ‘खुरडणे’ आहे.

मडगावहून :

‘खुरडतो’ हे अगदी नेमकं. माझा सुशेगाद मागे घेतो. दालनाचंही बघा : खेळातल्या मोठ्या मोकळ्या जागेला मुलं ‘अधिवास’ म्हणतात. अधिवास रानातला, प्राण्याचा स्वतःचा. माणसाने कुंपण घालून दिलेल्या जागेला ‘आवार’ म्हणा. बोंडल्याला सहलीला गेलेली मुलं हा फरक लगेच पकडतील : अभयारण्य हा अधिवास, त्यातल्या प्राणिसंग्रहालयात दिसतं ते आवार.

पेडण्याहून :

उशिरा आलो. ‘स्लॉथला’, ‘स्लॉथच्या’ की ‘स्लॉथाला’, ‘स्लॉथाच्या’? वर सगळ्यांनी सामान्यरूप न करताच लिहिलंय.

फोंड्याहून :

बोलताना तसं येतं खरं. पण टेबल रुळल्यावर ‘टेबलावर’ झालं, जिराफ रुळला तसं ‘जिराफाची मान’ झालं. कार्डावर मी ‘स्लॉथाच्या अंगावर’ असंच लिहिणार, मुलांच्या कानाला पहिल्यापासून सवय होऊ दे. अनेकवचन ‘अनेक स्लॉथ’ असंच, प्रत्यय लागला की मात्र ‘अनेक स्लॉथांना’. मादीसाठी वाघिणीच्या चालीवर ‘स्लॉथीण’ कुणी करू नये, ‘मादी’ पुरे. आणि पिल्लाबद्दल ओळ अशी : मादी पिल्लाला पोटावर घेऊन फांदीला उताणी लोंबकळते.