मुलगी म्हणते बीडीएसच करायचं. पुढं कसं?

कळंबचा_पालक:
मुलगी लातूरला नीटच्या क्लासला आहे, यंदा बारावी. ती म्हणते, अण्णा, मला दातांचाच डॉक्टर व्हायचंय. पाहुणे म्हणतात, त्यात काय हाय, एक वर्ष रिपीट कर अन् एमबीबीएस घे. डेंटलची परीक्षा वेगळी असते का? आपल्याकडं सरकारी कॉलेज आहे का? पोरीला हे काम जमंल का, हे आधी कसं कळावं?

दातवाला_उदगीर:
अण्णा, पाहुण्यांचं सोडा. ज्याला एमबीबीएसच पाहिजे त्यानं रिपीट करावं.

परीक्षा तीच, नीट, ७२० मार्कांची. पण नीट दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. सरकारी कॉलेजातल्या ८५ टक्के जागांसाठी राज्याच्या सीईटी सेलकडं नोंदणी, १५ टक्क्यांसाठी एमसीसीकडं (केंद्राची प्रवेश समिती), दोन्हीकडं नव्यानं. सीईटी सेलच्या पसंतीक्रमात एमबीबीएस-बीडीएस एकाच यादीत येतात, म्हणून पोरीला खरंच जे पाहिजे तेच वर टाका. सायबर कॅफेवाल्याच्या हातात यादी देऊ नका.

मराठवाड्यात सरकारी डेंटल एकच, संभाजीनगरचं. लातूर, नांदेड, परभणीला खासगी आहेत. फी आधी बघा. विभागाचा ७०:३० कोटा (७० टक्के जागा आपल्याच विभागातल्या पोरांना) २०२० साली गेला, तेव्हा मराठवाड्याची वेगळी यादी आता नाही.

आता जमंल का ते. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात, अगदी उंचवटे-खाचांसकट. मापात मिलिमीटरचा फरक पडला की सर परत पाठवतात. तासन्‌तास मान वाकवून बसायची तयारी पाहिजे. तिसऱ्या वर्षापासून खरे पेशंट. आपल्याकडं गुटख्यानं तोंड दोन बोटंही न उघडणारे तरुण येतात. तपासायला आरसा आत जात नाही, अन् ते विचारतात, "डॉक्टर, गोळीनं उघडंल का?" दात काढण्यापरीस हे अवघड. तिला एक दिवस सरकारी डेंटलच्या ओपीडीत बसवून आणा. तिथून आल्यावर काय म्हणती ते ऐका.

इंटर्न_ताई:
काका, कोर्स चार वर्षांचा आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. राखीव प्रवर्गातून भरणार असाल तर व्हॅलिडिटीची, म्हणजे जात पडताळणीची, फाइल टाकली का? जातीचा दाखला म्हणजे व्हॅलिडिटी नव्हे. नॉन-क्रिमिलेअरवरची मुदतही बघा. निकालानंतर सेतूत पाय ठेवायला जागा नसते, डोमिसाइल आत्ताच काढा. माझ्या बॅचमधल्या एकाचं नाव यादीत होतं, कागद नव्हता.

कळंबचा_पालक:
व्हॅलिडिटीची पावती आहे, नॉन-क्रिमिलेअर राहिलंय. सोमवारी तहसीलला जातो. ती विचारती, मेणाचा ठोकळा लातूरला मिळतो का?

दातवाला_उदगीर:
त्याच्यामागं आत्ता लागू नका, नीट होऊ द्या. मे महिन्यात कपड्याच्या साबणाच्या वडीवर खालची दाढ कोरायला लावा, फोटो इथं टाका.