मदत हवी आहे: स्टालिनच्या मुलीचं ब्रजेश सिंहांशी लग्न झालं होतं का?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी स्टालिनच्या मुलीवर, स्वेतलाना अलिलुयेवावर, लेख लिहितोय. मराठीत जे जे हाती लागलं, त्यात बहुतेक ठिकाणी ब्रजेश सिंह तिचे 'भारतीय पती'. एका कात्रणात तर थेट 'स्टालिनचे जावई', तेही मथळ्यात! स्टालिन गेला १९५३ ला, या दोघांची गाठ पडली १९६३ मध्ये, मॉस्कोच्या इस्पितळात. सासरेबुवांना जावई दिसायचा कसा?

बाकीचं बऱ्यापैकी जुळलंय. १९६५ मध्ये सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी लग्नाची नोंदणी करायला नकार दिला. ३१ ऑक्टोबर १९६६ ला सिंह मॉस्कोतच वारले. डिसेंबरात ती अस्थी घेऊन उत्तर प्रदेशात त्यांच्या गावी, गंगाकाठच्या कालाकांकरला आली. ६ मार्च १९६७ च्या संध्याकाळी सुटकेस घेऊन आश्रय मागायला दिल्लीतल्या अमेरिकी वकिलातीत शिरली. (काही जण ७ मार्च लिहितात, कारण रोमचं विमान मध्यरात्रीनंतर सुटलं.)

अडलंय ते लग्नापाशी. आमचे संपादक म्हणतात, "पती लिहा आणि मोकळे व्हा." मला ते पटत नाही. तिच्या आठवणींपलीकडचा आधार हवाय. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री छागला यांनी 'रोझेस इन डिसेंबर'मध्ये या प्रकरणावर लिहिलंय, ती पानं कुणाकडे आहेत का? मार्च १९६७ ची मराठी दैनिकं कुठे चाळायला मिळतील? आणि तेव्हाचे केंद्रीय मंत्री दिनेश सिंह हे ब्रजेश सिंहांचे भाऊ की पुतणे? कृपया विकिपीडियाची लिंक नको, ती पाठ झालीय.

प्रतिसाद:

दिनेश सिंह पुतणे. नि:शंक लिहा.

लग्नाचं म्हणाल तर १९४४ चं सोव्हिएत फर्मान बघा. त्याआधी नुसतं एकत्र राहणाऱ्या जोडप्यालाही कायदा नवरा-बायको मानायचा. फर्मानानंतर नोंदणी नाही तर लग्न नाही. म्हणजे कोसिगिननी नाही म्हटलं तिथेच कागदोपत्री विषय संपला. 'सरकारने नोंदणी होऊ दिली नाही, ती मात्र त्यांना नवराच मानायची' एवढं लिहा, संपादकांनाही चालेल.

जुन्या दैनिकांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आधी फोन करून विचारा, थेट जाऊ नका. छागलांचं पुस्तक माझ्याकडे आहे, रविवारी फोटो काढून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. तोवर ते 'जावई' तेवढं कापा.