मदत हवी आहे: वस्तऱ्याला गंजरोधक निळा रंग, पण पात्याचं पाणी (पोलादाचा कडकपणा) न उतरवता

आजोबांचा जर्मनीतल्या झोलिंगेनचा वस्तरा, कार्बन पोलादाचा. रत्नागिरीच्या पावसाळ्यात तेल लावूनही दोन दिवसांत मुठीजवळ तांबूस ठिपके येतात. 2000 च्या पॉलिश पेपरने गंज काढला, ॲसिटोनने पुसलं, थंड ब्लूइंगचं (न तापवता पोलादावर निळा-काळा थर चढवणारं) द्रावण तीनदा लावलं. रंग आला, पण ढगाळ. चामड्याच्या पट्ट्यावर परजताना पाठीवरचा निघूनही गेला. शिवाय त्यात सेलेनियम असतं आणि मी रोज याच वस्तऱ्याने दाढी करतो, म्हणून ते पुन्हा नको. तापवून निळा करायला सुमारे 300 अंश लागतात, तेवढ्यात पाणी उतरतं. आता मुद्दाम गंज चढवून उकळत्या पाण्यात काळा करायचा विचार आहे. 100 अंशांत पात्याचं पाणी टिकेल. पण धारेला गंज अजिबात लागता कामा नये आणि मेण तर उकळताना वितळेल. धार झाकायला तुम्ही काय वापरलंत?