फेरेटचं वजन वाढेना, काय खायला घालू?

एडिसनची_चकली
नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत असतो. शेल्टरमधून एक फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबोळा पाळीव प्राणी) आणलाय, नर, साधारण ४ वर्षांचा, नाव बंड्या. परमिट वगैरे सगळं झालंय. पण पठ्ठ्या भरतोय फक्त ७४० ग्रॅम, पाठीवरून हात फिरवला की मणके एकेक करून हाताला लागतात. आधीच्या घरी मक्याचं स्वस्तातलं कॅट फूड खायचा म्हणे, आता दुसरं काही ठेवलं की वास घेतो आणि सरळ हॅमॉकमध्ये जाऊन झोपतो. खेळतो बऱ्यापैकी, शी पण ठीक. सासूबाई सध्या इथे आहेत, त्यांचं म्हणणं दूधपोळी कुस्करून द्या नाहीतर गरम भातावर तूप, बघा कसं बाळसं धरतो ते. घरी आम्ही शाकाहारी पण त्याच्यासाठी चिकन शिजवायची तयारी आहे, वेगळं पातेलंही काढून ठेवलंय. काय, किती, कसं द्यायचं सांगा प्लीज.

ह्यूस्टनवाली
दूधपोळी अजिबात नको गं! दुधाने हगवण लागेल आणि आहे तेही वजन जाईल. हा प्राणी पक्का मांसाहारी, आतडं आखूड, खाल्लेलं ३-४ तासांत बाहेर. पोळी, भात, मका, वाटाणा त्याला पचतच नाही म्हटलं तरी चालेल. फूडच्या पाकिटावर प्रोटीन ३५ टक्क्यांच्या आसपास, फॅट २० च्या आसपास आणि फायबर ३ च्या आत, शिवाय पहिले दोनतीन घटक मांसाचे असले पाहिजेत. फेरेटचं नाही मिळालं तर चांगल्यातलं किटन फूड चालतं. जुनं फूड एकदम बंद करू नकोस, हे लोक लहानपणी जे खाल्लं तेवढंच अन्न मानतात, हट्टाने उपाशी राहतील. जुन्यात चिमूटभर नवीन, मग हळूहळू वाढव. आणि वाटी दिवसरात्र भरलेली हवी, दिवसातून ८-१० वेळा थोडं थोडं खातात ते.

मिशीवाले_काका
खाण्याचं ठीक आहे पण आधी व्हेटकडे जा, आणि तोही एक्झॉटिक बघणारा हवा, नुसता कुत्र्यामांजरांचा नको. ४ वर्षांचा फेरेट बारीक आहे म्हणजे नुसतं फूड वाईट होतं असं धरून चालू नका. या वयात इन्सुलिनोमा खूप होतो, स्वादुपिंडाला गाठी येतात आणि रक्तातली साखर पडते. एकटक बघत बसणं, लाळ गळणं, पंजाने तोंड ओरबाडणं, मागचे पाय लटपटणं यातलं काही दिसलं तर हिरड्यांना थोडा मध चोळा (फिट आलेली असेल तर बोट दातांत घालू नका) आणि लगेच व्हेटला फोन. दात करकर वाजवत असेल किंवा शी काळी डांबरासारखी असेल तर अल्सरची शंका घ्यायची. रबर गिळलेलं असू शकतं, रिमोटची बटणं, चपलेचे तुकडे, काहीही खातात. साखर तपासून घ्याच, ६० mg/dL च्या खाली निघाली तर मामला वेगळा. आणि पेट शॉपमध्ये वजन वाढवायची ट्यूबमधली गोड पेस्ट मिळते, तपासणीआधी तिच्या नादी लागू नका, साखरच साखर असते त्यात.

सॅनहोजे_मिसळ
आमच्याकडे कॅलिफोर्नियात फेरेट पाळायलाच बंदी आहे, त्यामुळे नुसतं वाचून समाधान. बंड्याचा फोटो टाका.

ह्यूस्टनवाली
काका बरोबर बोलतायत, आधी तपासणी. ती नीट आली की डक सूप सुरू कर. नावात बदक आहे, सुपात नसतं. त्याचंच कोरडं फूड कोमट पाण्यात तासभर भिजवायचं, बोनलेस चिकन थाय कातडीसकट उकडायचं, मीठ कांदा लसूण काही नाही, आणि दोन्ही त्याच पाण्यात मिक्सरला गंधासारखं गुळगुळीत वाटायचं. वरून उकडलेल्या अंड्याचा थोडा पिवळा बलक, सॅमन ऑइलचे दोनचार थेंब. बर्फाच्या ट्रेमध्ये फ्रीझ कर, लागेल तसा एक क्यूब काढून कोमट करून द्यायचा. नुसत्या चिकनवर ठेवू नकोस हं, हाडाशिवाय कॅल्शियम मिळत नाही, म्हणून फूडचा बेस. शिजवलेलं हाड मात्र कधीच नाही, टोचतं.

पहिल्यांदा तोंड फिरवेलच. बोटावर घेऊन वरच्या ओठाला लाव, जीभ आपोआप बाहेर येते, चाटतो, चेहरा वाकडा करतो, परत चाटतो. तिसऱ्याचौथ्या वेळी बोटच चावायला येईल. दिवसाला किलोमागे २०० ते ३०० कॅलरी लागतात, बारीक असेल तर वरच्या बाजूला राहा. अगदीच खाईना तर व्हेट कार्निव्होर केअर नावाची, आजारी मांसाहारी प्राण्यांना भरवायची पावडर देतात.

एडिसनची_चकली
बापरे, किती माहिती! बुधवारची अपॉइंटमेंट मिळाली. कच्चं चिकन जास्त चांगलं असं एका मैत्रिणीने सांगितलं, खरंय का? आणि तूप थोडंसं तरी? सासूबाई विचारतायत.

मिशीवाले_काका
कच्चं खाऊन तगडे झालेले फेरेट आहेत, नाही असं नाही. पण फेरेटना फ्लू फार पटकन लागतो, माणसाचासुद्धा, घरात कोणी शिंकत असेल तर बंड्याला लांब ठेवा. २०२४ च्या शेवटी ओरेगॉनमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू असलेलं कच्चं पेट फूड खाऊन एक मांजर दगावलं. मी तरी सध्या शिजवूनच देईन. तुपाने विष होणार नाही, पण तुपात प्रोटीन शून्य, पोट तेवढ्यावरच भरतं आणि शी पातळ होते. फॅटसाठी कोंबडीची कातडी आहेच की. वजन आठवड्यातून एकदा, किचनच्या काट्यावर, त्याच वेळेला. उन्हाळ्यात फेरेट तसेही उतरतात आणि थंडीत भरतात, तेव्हा जूनमध्ये काटा हलेना म्हणून लगेच घाबरू नका, उतरत गेला तर मात्र परत व्हेट.

एडिसनची_चकली
ओके काका, तूप रद्द. फक्त कांदालसणाशिवाय उकडलेल्या चिकनचा वास घरभर होईल याची सासूबाईंना काळजी आहे 😅

ह्यूस्टनवाली
अगं, घरात फेरेट आहे आणि चिकनच्या वासाची काळजी?