कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात तुम्ही कुणापुढे थांबलात?

धनकवडीकर

गेल्या रविवारी भाचीला घेऊन पुण्यात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेले होते. तिला वाघ बघायचा होता. वाघ दिसलाही, पण आम्ही दोघी अडकलो त्या अस्वलापाशी. तिथल्या कर्मचाऱ्यांनी एका ओंडक्याच्या भोकांत काहीतरी खाऊ भरून ठेवला होता. अस्वलाने तोंड भोकाला लावलं, ओठ नळीसारखे पुढे काढले आणि असा भुरका मारला की खंदकाच्या अलीकडे आम्हाला स्पष्ट ऐकू आला. "आजोबा बशीतून चहा पितात तस्सा!" भाची म्हणाली. मग त्याने पंजा भोकात घातला, नखं ओढली, पुन्हा भुरका. चाळीस मिनिटं हेच चाललं होतं आणि मला एकदाही घड्याळ बघावंसं वाटलं नाही.

घरी येऊन वाचलं. आपल्याकडच्या या अस्वलाला वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं आणि नाकात माती जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेऊ शकतं. एवढी वर्षं मी अस्वल म्हणजे मधाचं पोळं एवढंच समजत होते.

परत येताना जाणवलं, आजवर इथे पाच-सहा वेळा येऊन गेले, पण प्रत्येक वेळी सुमारे 130 एकर एका दुपारी उरकायची घाई. प्राणी पाहिले असं म्हणायचं, पण पाहिलं काय? म्हणून हा धागा. तुम्ही कुठल्या प्राण्यापुढे खरोखर थांबलात, आणि काय दिसलं? कात्रजचंच हवं असं नाही, आधी प्राणी जिथे होते त्या जुन्या पेशवे पार्कातलं आठवत असेल तर तेही लिहा. (नवीन जाणाऱ्यांसाठी: बुधवारी बंद असतं.)

पेठकर

पेशवे पार्क म्हटल्यावर मला लिहावंच लागेल. 1953 साली ते सुरू झालं, मी त्यानंतर काही वर्षांनी जन्मलो. आमचं बालपण म्हणजे सारसबागेतला गणपती, मग फुलराणी ही छोटी आगगाडी आणि मग वाघ-सिंह. फुलराणी 1956 पासूनची. तिच्या शिट्टीचा आवाज आजही ओळखेन.

थंडीत रात्री वारा आमच्याकडचा असला की सिंहाची डरकाळी घरात ऐकू यायची. आई म्हणायची, "झोप आता, त्याचंही जेवण झालं." आम्हाला फार अभिमान वाटायचा त्याचा. शहराच्या मधोमध सिंह!

पण तुम्ही थांबण्याबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. दहा-अकरा वर्षांचा असताना मी एकदा वाघाच्या पिंजऱ्यापुढे बराच वेळ उभा राहिलो, कारण वडील कुणाशी तरी बोलत होते. वाघ फेऱ्या मारत होता. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, आणि वळताना प्रत्येक वेळी त्याचा खांदा त्याच एका गजाला घासायचा. त्या जागी गज चकचकीत झाला होता, बाकीचे गंजलेले. मी मोजायला लागलो आणि शंभराच्या पुढे सोडून दिलं. तेव्हा वाटलं वाघ चालतोय. ते चालणं नव्हतं हे कळायला पुष्कळ वर्षं गेली.

1999 मध्ये प्राणी कात्रजला हलवले तेव्हा पेठांतल्या अनेकांना वाईट वाटलं, लांब गेले म्हणून. मला नाही वाटलं. पुढे नातवाला घेऊन गेलो तर वाघ गवतात आडवा झालेला, निम्माच दिसत होता. मधे खंदक, समोर झाडं. नातू कुरकुरला की नीट दिसत नाही. मला मात्र त्या अर्ध्या वाघाने जो आनंद दिला तो पेशवे पार्कातल्या अख्ख्या वाघाने कधी दिला नव्हता.

हडपसर

मी पांढऱ्या वाघापुढे थांबलो होतो, पण गर्दीत टिकता आलं नाही. लोक शिट्ट्या मारतात, "ए उठ!" म्हणून ओरडतात. तो दिवसाचे कितीतरी तास झोपणारा प्राणी आहे हो. एक सांगतो, हा वाघ वेगळ्या जातीचा किंवा हिमालयातला नाही आणि अल्बिनोही नाही. आपलाच पट्टेरी वाघ, रंग ठरवणाऱ्या जनुकातल्या दुर्मीळ बदलामुळे पांढरा. 1951 साली रीवाच्या जंगलात एक बच्चा पकडला होता, मोहन, बंदिवासातल्या बहुतेक पांढऱ्या वाघांचं मूळ त्याच्यापाशी जातं. तिरळेपणा त्या पांढऱ्या रंगाच्या जनुकाबरोबरच येतो, आणि त्यांच्यात आपापसांतच प्रजनन झाल्यामुळे इतरही दोष येतात. हे कळल्यापासून मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

कोथरूडवासी

9 डिसेंबर 2020. सकाळी महात्मा सोसायटीच्या भागात गवा शिरला, तो दिवस कोथरूडमधले कुणीच विसरणार नाहीत. मी तो गॅलरीतून पाहिला. आमच्या गल्लीतून धावत गेला, तोंडाला फेस, थोडं रक्त. मागे माणसं, मोबाईल, गाड्या. मीही मोबाईल काढला होता, हे सांगायलाच हवं. पुढे त्याला बेशुद्धीचं इंजेक्शन देऊन पकडलं आणि त्यातच तो मेला. संध्याकाळी माझ्या फोनमध्ये अकरा सेकंदांचा व्हिडिओ होता. तो मी कुणालाच पाठवू शकले नाही.

तेव्हा कोरोनामुळे प्राणिसंग्रहालय बंद होतं. उघडल्यावर मी एकटी गेले, फक्त गवा बघायला. लोक त्याच्यापुढे थांबत नाहीत, "म्हैस आहे" म्हणून पुढे जातात. मी बाकावर बसून राहिले. मोठा नर होता. पाठीवर तो उंचवटा, काळंभोर चमकतं अंग, आणि गुडघ्याखाली चारही पाय असे पांढरे की मोजे घातल्यासारखे. तो रवंथ करत होता. जबडा एका बाजूला सरकायचा, थांबायचा, घास गळ्यातून खाली उतरताना दिसायचा, थोड्या वेळाने दुसरा वर यायचा. कान फक्त माश्यांसाठी हलायचे. एवढं अवाढव्य जनावर इतकं निवांत असू शकतं हे मला माहीतच नव्हतं. मी पाहिलेला एकमेव गवा जिवाच्या आकांताने धावणारा होता.

तासभर बसले असेन. व्हिडिओ तिथेच बसून काढून टाकला.

जुन्नरकर

आमच्याकडे बिबट्या बघायला तिकीट लागत नाही. उसातच असतो, मादी पिल्लंही उसातच घालते, तोडणीच्या वेळी सापडतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते त्यामुळेच. कात्रजला पोरांना घेऊन गेलो तेव्हा बिबट्या फळीवर झोपला होता, एक पाय आणि शेपूट खाली लोंबत. बायको म्हणाली, "असा तर कधी पाहिलाच नाही." रात्री दार लावताना जी भीती असते ती क्षणभर गेली. शेळी नेणारा तोच, झोपलेलाही तोच. फार वेळ थांबलो नाही, पोरांना हत्ती बघायचा होता.

शाळेतल्या बाई

सहल घेऊन गेले होते. चितळांमध्ये एकाची शिंगं लवदार, बोथट, जणू मखमल चढवलेली. "बाई, याचं शिंग आजारी आहे का?" मुलांनी विचारलं. मग तिथेच वर्ग भरला. चितळ, सांबर, भेकर ही सारंग, यांची शिंगं गळून पडतात आणि पुन्हा नवी येतात. वाढताना त्यांवर कातडी आणि रक्तवाहिन्या असतात. काळवीट, नीलगाय ही कुरंग, त्यांची शिंगं जन्मभराची. मग मुलं प्रत्येक कुंपणापाशी धावत जाऊन "सारंग!", "कुरंग!" ओरडायला लागली आणि मीच त्यांना गप्प बसवत फिरले.

भोरहून

मी कात्रजच्याच सर्पोद्यानाबद्दल लिहितो. नीलिमकुमार खैरे यांनी 1986 साली महापालिकेच्या मदतीने उभं केलेलं. हेच ते, ज्यांनी 1980 मध्ये 72 विषारी सापांबरोबर एका खोलीत 72 तास काढले होते. आमच्या गावात ती गोष्ट अजून सांगतात.

चार वर्षांपूर्वी भातकापणीत बाबांना घोणस चावली. भारा उचलताना खाली होती. बाबा म्हणाले, "अजगराचं पिल्लू आहे, काही होत नाही." घोणस आणि अजगर अंगाने सारखे दिसतात, ही चूक आमच्याकडे फार जण करतात. तासाभरात पाय सुजला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. पुण्याच्या रुग्णालयात नेलं, प्रतिविष दिलं, पण घोणशीचं विष मूत्रपिंडावर जातं. बाबांचं डायलिसिस करावं लागलं. वाचले.

त्यानंतर बाबांनी दिसेल तो साप मारायला सुरुवात केली. धामण, दिवड, काहीही. मी समजावून थकलो. धामण उंदीर खाते, आपल्या भाताची राखण करते, हे पूर्वी त्यांनीच मला शिकवलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात तपासणीसाठी पुण्याला आलो होतो, जाता जाता त्यांना कात्रजला नेलं. यायला तयार नव्हते. नाग, मण्यार पटपट पाहिले. घोणशीच्या काचेपाशी मात्र बाबा थांबले. ती पाचोळ्यात वेटोळं घालून पडली होती, आधी दिसलीच नाही. बाबा खाली वाकले, एक हात काचेवर, दुसरा गुडघ्यावर. ती हलली नाही. तेही हलले नाहीत. मागून लोक येऊन "इथे काही नाही" म्हणत पुढे जात होते. पंधरा-वीस मिनिटांनी बाबा म्हणाले, "मी हात घातला तेव्हा ही अशीच पडली असंल. तिला कुठं माहीत होतं मी कोण ते."

मग म्हणाले, "अजगर कुठंय?" तो दाखवला. परत घोणशीकडे आले, पुन्हा अजगराकडे गेले. अजगराच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, कसेही पसरलेले. घोणशीच्या पाठीवर मात्र ठळक कडांचे गोल-लांबट डाग ओळीने, साखळीसारखे. अशा तीन ओळी, एक मधोमध, दोन बाजूंना.

शेजारी एक सात-आठ वर्षांचा मुलगा आईला सांगत होता, "हा अजगर आहे." बाबांनी त्याला जवळ बोलावलं, "नाही बाळा, इकडं ये," म्हणाले, आणि काचेवर बोट ठेवून त्याच्याकडून तिन्ही ओळी मोजून घेतल्या.